पडद्याची दोरी

दिवाळीचा फराळ आटोपला, लाडवांचे डबे अर्धेमुर्धे रिकामे झाले, की आमच्या घरी दरवर्षी एक ठरलेले काम निघत असे. माळ्यावरची पत्र्याची भली मोठी ट्रंक खाली उतरे. लाकडी तलवारी, बेगडी मुकुट, कुणाच्या तरी लग्नातला जुना शालू, क्रेपच्या दाढ्या असा सगळा संसार अंगणात उन्हाला पडे. आई म्हणे, “दिवाळी संपली, आता तुमचा शिमगा सुरू!” आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, हसून चष्मा पुसत. ते आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाचे चिटणीस होते. तुळशीचे लग्न लागले की मंडळाचे वार्षिक नाटक ठरलेले.

त्या ट्रंकेच्या तळाशी सुताची एक जाड दोरी असे. ती पडद्याची दोरी. दहाव्या वर्षी ती माझ्या हाती आली. रंगभूमीशी माझा संबंध एवढाच, पण त्या दोरीपाशी उभे राहून जे दिसते ते खुर्चीवर बसून दिसत नाही. म्हणून मराठी नाटकाचा इतिहास वाचताना माझे लक्ष नेहमी विंगेकडे जाते.

या इतिहासाचा आरंभही दिवाळीनंतरच्या दिवसांतलाच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या भाव्यांना सांगितले, की असे काही मराठीत करा. भाव्यांनी पदे रचली, गावातली तरुण मंडळी जमवली, त्यांना शिकवले आणि खेळ उभा केला. सूत्रधाराने पदे म्हणावीत, विदूषकाने हसवावे, सरस्वतीने मोरावर बसून नाचावे, राक्षसांनी आरोळ्या ठोकाव्यात आणि भाषणे पात्रांनी आयत्या वेळी आपल्या मनानेच करावीत, असा तो थाट होता. तिकीट नव्हते, धंदा नव्हता. एका राजाची आवड आणि एका कारागिराची हौस, एवढ्यावर मराठी नाटक उभे राहिले.

मग धंदा आला कुठून? तो गरजेतून आला. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार सुटला. तोवर नट तयार झाले होते, त्यांची पोटे होती. भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले आणि १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. आपण सहसा समजतो, की आधी धंदेवाईक नाटक आणि मग त्याची नक्कल करणारे हौशी. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. हौस ही थोरली बहीण, धंदा धाकटा भाऊ.

पुढेही तेच. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकर होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे त्या हौसेतून किर्लोस्कर मंडळी झाली, गंधर्व मंडळी झाली, ललितकलादर्श झाली. मखमलीचे पडदे आले, अत्तरे आली आणि कर्जेही आली. तो वैभवाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मी तो पुन्हा सांगत बसत नाही.

मला सांगायचे आहे ते त्या वैभवाच्या सावलीत गावोगाव चाललेल्या नाटकांविषयी. बालगंधर्वांचे नाटक शहरात एकदा पाहून यायचे आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगायच्या, त्यातून कुणाला तरी वाटायचे की आपणही करावे. मग पोस्टमास्तर, तलाठी, शाळामास्तर, किराणा दुकानदार जमत. वर्गणी निघे. तालमी आमच्या सोप्यावर होत. अण्णा कंदील मध्ये ठेवून बसत आणि आई चहाचे आधण चढवून देवघरात जाऊन बसे, ती तालीम संपेपर्यंत.

नाटकाच्या दिवशी अर्धे गाव कामाला लागे. शाळेची बाके जोडून रंगमंच व्हायचा. बाके हलू नयेत म्हणून सुतार ती काथ्याने आवळून बांधी. पडदे तीनच, एक रस्त्याचा, एक महालाचा, एक जंगलाचा. त्यामुळे लेखकाने काहीही लिहिलेले असो, आमची पात्रे या तिन्हींपैकी एका ठिकाणी भेटत. दोन पेट्रोमॅक्स बत्त्या पुढे टांगलेल्या असत. त्यांना हवा मारण्यासाठी दर अंकाला एक माणूस शिडीवर चढे आणि त्यालाही टाळी पडे. रंगपटात तात्या बसत. दिवसा त्यांचे केशकर्तनालय चाले. रात्री सफेदा, पिवडी आणि स्पिरिट गम घेऊन ते साऱ्या गावाचा चेहरामोहरा बदलून टाकीत. यातल्या कुणालाही एक पैसा मिळत नसे. उलट तात्या स्पिरिट गमची बाटली पदरमोड करून आणीत. हस्तपत्रकावर मात्र नावे असत ती नटांचीच.

या बिनपैशाच्या कारभारात पैसा जाई तो एकाच जागी. नायिका बाहेरून आणावी लागे. बालगंधर्वांच्या पिढीनंतर पुरुषाने लुगडे नेसणे लोकांना खटकू लागले होते. पण आपल्या घरातल्या मुलीने तोंडाला रंग लावणे त्याहून अधिक खटकत होते. म्हणून शहरातून एखादी नटी ‘नाईट’ ठरवून आणीत. ती जेवून घेई, आपली भूमिका चोख करी आणि पहाटेच्या गाडीने परत जाई. गावोगावच्या मंडळांच्या वर्गणीचा मोठा वाटा असा खर्ची पडे.

शहरातले दार त्याआधीच किलकिले झाले होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. नाट्यगृहांत बोलपटांचे पडदे लागले. अशा पडत्या काळात, १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. शिकलेल्या, नाटकाचे वेड असलेल्या मंडळींनी काढलेली ती संस्था. तिच्या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. मग १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ निघाला. त्या संघाच्या नाट्यचळवळीचे प्राण डॉ. अ. ना. भालेराव हे गिरगावातले डॉक्टर होते. रोग्यांची नाडी पाहता पाहता त्यांनी मरगळलेल्या रंगभूमीचीही नाडी धरली आणि १९४४ साली मुंबईत नाट्यशताब्दीचा महोत्सव घडवला. केळेवाडीत संघाचे नाट्यगृह १९६४ साली उभे राहिले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९५१ साली पुण्यात भालबा केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पी.डी.ए. काढली. १९५४ साली त्या वेळच्या मुंबई राज्य सरकारने हौशी संस्थांसाठी नाट्यस्पर्धा सुरू केली. धंद्याचा धाकटा भाऊ आजारी पडला, तेव्हा त्याचे अंथरूण थोरल्या बहिणीने घातले ते असे.

पण शहरात उघडलेले दार गावात यायला फार वेळ लागतो. ते माझ्या डोळ्यांपुढे न उघडता कसे राहिले, ते आता सांगतो.

साल १९६२. दिवाळीच्या तोंडावर, २० ऑक्टोबरला, चीनने आक्रमण केले. त्या वर्षी फटाके फारसे उडाले नाहीत. बायका संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने काढून देत होत्या. अण्णांनी मंडळाची बैठक बोलावली आणि ठरले, की यंदाच्या नाटकाचे सारे उत्पन्न निधीला द्यायचे. यात नवे काही नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले होते. अण्णांनी त्या प्रयोगाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की आम्हा मुलांना ती पाठ होती.

नाटक ठरले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ला आणि महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीला, गंधर्व मंडळींनी बडोद्याला ते रंगभूमीवर आणले. ती सिंधू आपल्या यशाला पाहू न शकलेल्या लेखकाची. आमची मंडळी पदे गाळून नाटक करीत. सिंधूसाठी शहरातली नटी ठरली. कार्य निधीचे आहे हे कळताच तिने अर्ध्या नाईटवर यायचे कबूल केले. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आमचे नेहमीचे प्रॉम्प्टर तलाठी कचेरीत होते, त्यांची बदली झाली. म्हणून पुस्तक धरायचे काम अक्काकडे आले. अक्का माझी थोरली बहीण. वय एकोणीस, मॅट्रिक झालेली. तालीम घरच्याच सोप्यावर आणि पुस्तक हाती घेऊन विंगेत बसायचे, कुणाला दिसायचे नाही. म्हणून त्याला आईचीही हरकत नव्हती. महिनाभरात अक्काला आख्खे नाटक तोंडपाठ झाले. शेणी लावताना, पाणी भरताना ती सिंधू पुटपुटे.

डिसेंबरात प्रयोगाचा दिवस उजाडला. तिकिटे संपली होती. संध्याकाळी निरोप आला, की नटीची गाडी घाटात बंद पडली आहे, रात्री पोहोचणे शक्य नाही. रंगपटात सगळे गप्प झाले. पैसे परत द्यावेत तर निधीचे काय? तेव्हा हातातला सफेदा खाली ठेवून तात्या म्हणाले, “अण्णा, पोरीला सगळं तोंडपाठ आहे.”

अण्णांनी उत्तर दिले नाही. बत्तीभोवती माणसे होती, त्यांच्यापैकीही कुणी बोलले नाही. अक्का दाराशी पुस्तक छातीशी धरून उभी होती. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि सोसायटीतल्या एका कोवळ्या चेहऱ्याच्या कारकुनाकडे वळून म्हणाले, “मिशी काढा याची.”

त्या रात्री मी दोरी ओढली आणि पडदा सरकला. कारकून बिचारा लुगड्यात अडखळत होता. त्याला एक वाक्य धड येत नव्हते. विंगेतून अक्का वाक्य सांगे आणि तो ते उचली. पहिल्या अंकात लोक हसले. दुसऱ्या अंकात हसेनासे झाले. हळूहळू असे झाले, की अक्का नुसते सांगेना. ती सिंधू बोलू लागली. ज्या ठिकाणी तिचा आवाज ओला होई, तिथे त्याचाही होई. ती थांबली की तो थांबे. पुस्तक तिने केव्हाच मिटले होते. शेवटच्या अंकात बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येऊ लागले आणि मी दोरी धरून कधी समोर, कधी विंगेत पाहत राहिलो. पडदा पाडायला मला क्षणभर उशीरच झाला. टाळ्या पडल्या. कारकुनाला हार घातला गेला. अक्का खाली बसून तलवारी मोजून ट्रंकेत ठेवत होती.

त्याबद्दल घरात कुणी कधी बोलले नाही. पुढच्या वैशाखात अक्काचे लग्न झाले, ती सासरी गेली.

१९६७ साली विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आले. एका हौशी मंडळातली शिक्षिका आणि तिला गमती गमतीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करणारे तिचेच सोबती, असे ते नाटक. सुलभा देशपांडे यांची बेणारे पुष्कळांनी पाहिली. मी ते नाटक पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा रंगपट आला. आमच्या मंडळींनी कुणाला छळले नव्हते. ती सारी भली माणसे होती, देशासाठी रात्र जागत होती. पण त्या रात्री त्यांना एवढेच सुचले नाही.

अण्णा वारल्यावर मंडळाची कीर्द माझ्याकडे आली. त्या काळच्या हौशी नाटकाचा याहून विश्वासू इतिहास मला कुठल्या ग्रंथात मिळाला नाही. पेट्रोमॅक्सच्या मेंटलपासून काथ्यापर्यंत सारा खर्च तिच्यात आहे आणि प्रत्येक प्रयोगाखाली राबलेल्यांची यादी आहे. सुतार, शिडीवरचा माणूस, तात्या, सारे आहेत. डिसेंबर १९६२च्या पानावर उत्पन्न लिहिले आहे, निधीला पाठवल्याची नोंद आहे आणि खर्चाच्या बाजूला अण्णांच्या बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘नायिकेची नाईट : निरंक. सिंधू घरचीच होती.’

तो कारकून खालच्या आळीतला. आमच्या घरचा नव्हे. मी ती वही अक्काकडे नेली. तिने ते पान बराच वेळ पाहिले, वही मिटली आणि म्हणाली, “अण्णांचं अक्षर शेवटपर्यंत चांगलं होतं.”

आता गावात आमचे मंडळ नाही, ट्रंक गंजली. पण हौस संपलेली नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, की आजही रात्र रात्र नाटके चालतात. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी महाविद्यालयातली मुले अजून जीव टाकतात. नेपथ्य उचलणारी, दिवे लावणारी, चहा आणणारी मुलेमुली तिथेही तशीच बिनपैशाची राबतात.

गेल्या वर्षी अक्काची नात कॉलेजच्या एकांकिकेत होती. तालमीला जाताना ती आजीच्या पाया पडली. अक्का आता ऐंशीच्या पुढे आहे. कानांनी कमी ऐकू येते. तिने विचारले, “प्रॉम्प्टर कोण आहे गं तुमचा?”

“हल्ली प्रॉम्प्टर नसतो, आजी. आपलं आपणच बोलायचं.”

अक्काने दोनदा विचारून ते नीट ऐकून घेतले. मग तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवीत म्हणाली, “बरं झालं.”