पायऱ्या चढणारा कॅमेरा

सिनेमाचा कॅमेरा चालायला शिकला तो चाकांवर. इटलीच्या जोव्हान्नी पास्त्रोनेने ‘काबिरिया’साठी (1914) कॅमेरा एका गाड्यावर चढवला आणि भव्य सेटमधून सावकाश फिरवला. पुढची साठ वर्षं हाच राजमार्ग राहिला. मुंबईत आजही ‘ट्रॉली लावा’ म्हटलं की आधी रूळ अंथरले जातात, खाली लाकडी पाचरी सारून पातळी साधली जाते, मग कॅमेरामन गाडीवर बसतो आणि मागून माणसं ती ढकलतात. नीट लावलेल्या ट्रॉलीच्या शॉटला तोड नाही. पण पायऱ्यांवर रूळ घालता येत नाहीत, गर्दीतून नेता येत नाहीत, आणि कॅमेरा जरा जास्त वळला की ते स्वतःच चित्रात येतात.

यातून सुटायची धडपड जुनीच होती. मुर्नाऊच्या ‘द लास्ट लाफ’साठी (1924) कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा छातीला बांधला होता. ‘सोय कुबा’मध्ये (1964) सेर्गेई उरुसेव्स्कीचा कॅमेरा रस्त्यावरच्या अंत्ययात्रेवरून इमारतीच्या भिंतीलगत वर चढतो, सिगार वळणाऱ्या कामगारांमधून जातो आणि खिडकीबाहेर पडून थेट रस्त्यावर तरंगत निघतो. तो या हातातून त्या हातात देत नेला होता आणि शेवटी तारेला अडकवला होता. शॉट थक्क करणारा आहे, पण एका शॉटसाठी एवढा फौजफाटा रोज कोण उभा करणार?

उरला हातातला कॅमेरा. तो कुठेही जातो, पण प्रत्येक पावलाचा धक्का पडद्यावर दिसतो. माणूस जिना धावत चढतो तेव्हा त्याला समोरचं जग उड्या मारताना दिसत नाही, कारण डोळे आणि मेंदू तो हादरा परस्पर निस्तरतात. कॅमेऱ्याला अशी सोय नव्हती.

ती करून दिली फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउनने. आधी लोकगीतं गाणारा हा माणूस सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जाहिरातपट बनवत होता, आणि त्याच्याकडे होती सुमारे 800 पौंड वजनाची जुनी डॉली, म्हणजे कॅमेऱ्याची ढकलगाडी. ती हलवून हलवून तो कंटाळला होता. मग त्याने दांडे, वजनं आणि कप्प्या घेऊन निरनिराळे सांगाडे जोडून पाहिले, आणि शेवटी डिझाइन पक्कं करायला एका मोटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं.

त्यातून तीन गोष्टी जुळून आल्या. पहिली म्हणजे उभा दांडा. त्याच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला बॅटरी आणि मॉनिटर. वजन असं लांब पसरलं की ते सहजासहजी वळत किंवा कलत नाही. डोंबाऱ्याच्या हातातली लांब काठी हेच काम करते. दुसरी म्हणजे गिंबल. दांड्याच्या गुरुत्वमध्याजवळ बसवलेला हा सांधा हाताची मुरड कॅमेऱ्यापर्यंत पोचू देत नाही. तिसरी म्हणजे स्प्रिंग भरलेला दोन सांध्यांचा हात, घडी होणाऱ्या टेबल लॅम्पच्या जातीचा. अंगात घट्ट बांधलेल्या जाकिटाला तो जोडलेला असतो, सगळा भार कंबर आणि पाठीवर उतरवतो आणि पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल पोटात घेतो. ऑपरेटरचा डोळा आयपीसला चिकटलेला नसतो. तो छोट्या पडद्याकडे बघत चालतो. डोकं आणि कॅमेरा यांची ही फारकत झाली नसती, तर बाकी सगळी करामत वाया गेली असती.

1974च्या सुमारास ब्राउनने ‘अशक्य’ वाटतील अशा तीस शॉट्सची एक फिल्म केली. त्यात त्याची मैत्रीण एलेन, जी पुढे त्याची पत्नी झाली, फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग जातो. दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसनने ते पाहिलं आणि या पायऱ्या आहेत तरी कुठे, याची चौकशी केली. ‘रॉकी’मधला (1976) तो 72 पायऱ्यांचा प्रसंग असा जन्माला आला. एका यंत्राच्या चाचणीने सिनेमाला त्याचा सर्वात गाजलेला प्रसंग द्यावा, असं क्वचितच घडतं.

यंत्र बनवायला घेतलं सिनेमा प्रॉडक्ट्स या कंपनीने आणि नाव पडलं स्टेडिकॅम. त्याचा पहिला सिनेमा हॅल अ‍ॅश्बीचा ‘बाउंड फॉर ग्लोरी’. वुडी गथ्रीच्या आयुष्यावरच्या या चित्रपटात ब्राउन क्रेनवर बसून उंचावरून खाली येतो, क्रेनवरून उतरतो आणि न थांबता डेव्हिड कॅरडाइनच्या मागे विस्थापितांच्या छावणीतल्या सुमारे 900 माणसांच्या गर्दीत शिरतो. सगळं एका शॉटमध्ये. कॅमेरामन हॅस्केल वेक्सलरला या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. 1978 साली अकादमीने खुद्द स्टेडिकॅमचाही गौरव केला.

खरी कसोटी पुढे स्टॅन्ली कुब्रिकने घेतली. ‘द शायनिंग’मध्ये (1980) लहानगा डॅनी हॉटेलच्या बोळांतून तीनचाकी पिटाळतो तेव्हा कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्यामागे असतो. त्यासाठी दांडा उलटा केला होता आणि यंत्र चाकाच्या खुर्चीवर बसवलं होतं. चाकं लाकडी फरशीवरून गालिच्यावर जातात, पुन्हा फरशीवर येतात आणि त्यांचा आवाज बदलत राहतो. एकच शॉट कुब्रिक पुन्हा पुन्हा घ्यायला लावायचा, आणि त्यातच ब्राउनचा हात तयार झाला: एका हाताने स्प्रिंगचा हात सांभाळायचा, दुसऱ्या हाताच्या नुसत्या बोटांनी दांड्याला दिशा द्यायची. पकड आवळली की हाताचा कंप थेट चित्रात उतरतो. नवख्यांची चूक नेमकी तीच असते.

‘रिटर्न ऑफ द जेडाय’साठी (1983) तोच ब्राउन रेडवूडच्या जंगलातून चालत गेला. कॅमेरा सेकंदाला एक फ्रेमही पुरी घेत नव्हता. पडद्यावर मात्र ती चाल उडत्या बाइकचा भन्नाट वेग झाली. ‘गुडफेलाज’मध्ये (1990) लॅरी मॅकॉन्कीने प्रियकर-प्रेयसीच्या मागोमाग क्लबच्या मागच्या दारातून, स्वयंपाकघरातून थेट रंगमंचासमोरच्या टेबलापर्यंत कॅमेरा नेला. 23 डिसेंबर 2001 रोजी टिलमान ब्युटनरने कहर केला. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ‘रशियन आर्क’ हा सुमारे दीड तासाचा अख्खा चित्रपट त्याने अंगावर यंत्र बांधून एका दमात चित्रित केला. आधीचे प्रयत्न अर्ध्यात सोडावे लागले होते; चौथा तडीस गेला. या शॉट्सचं श्रेय स्प्रिंगला देणं हा ऑपरेटरवर अन्याय आहे.

2013 साली फ्रीफ्लाय कंपनीचा मोवी हा मोटारींवर चालणारा गिंबल आला आणि गणित बदललं. इथे लांब दांडा नाही, वजनाची पसरण नाही. संवेदक कल मोजतात आणि तीन मोटारी तत्क्षणी तो दुरुस्त करतात. सुरुवातीला सुमारे 15 हजार डॉलर किंमत असलेलं हे तंत्र डीजेआयच्या रोनिनसारख्या यंत्रांमुळे काही वर्षांत लग्नाच्या शूटिंगपर्यंत पोचलं. आज नाशिक-सोलापूरच्या वरातीत नाचणाऱ्यांपुढे उलटं चालणारा गिंबलवाला दिसतो. त्याचा सोबती पाठीवर हात ठेवून त्याला खड्डा चुकवायला लावतो. हॉलिवुडच्या सेटवरही स्टेडिकॅम ऑपरेटरच्या मागे असाच एक माणूस असतो.

पण गिंबल विकत घेणाऱ्याला एक गोष्ट दुकानात सहसा कळत नाही. त्या तीन मोटारी कॅमेऱ्याचं कलणं आणि वळणं थांबवतात, वर-खाली होणं नाही. ते काम ब्राउनच्या स्प्रिंगच्या हाताचं होतं आणि साध्या गिंबलमध्ये तो हातच नसतो. म्हणून सपाट सभागृहात सुरेख चालणारा गिंबल मंदिराच्या पायऱ्यांवर हिंदकळतो. तिथे गुडघे वाकवून, टाच आधी टेकवून, शरीराचीच स्प्रिंग करावी लागते. जिन्या-पायऱ्यांचं काम जास्त असेल तर स्प्रिंगचा हात आणि जाकीट यांवर केलेला खर्च महागड्या गिंबलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तोल साधण्याचंही तसंच. लेन्स, बॅटरी आणि कार्ड बसवून, झाकण काढून, मोटार बंद असतानाच कॅमेरा प्रत्येक आसावर जिथे सोडावा तिथे थांबला पाहिजे. तिरकं बसवून भार मोटारींवर सोडला की त्या तापतात, गुणगुणतात आणि बॅटरी लवकर संपते. झूम करताना जिची नळी लांब होते अशी लेन्स लावली तर जमवलेला तोल लगेच बिघडतो. म्हणून अनुभवी माणसं गिंबलवर हलकी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स पसंत करतात.

मोठ्या सिनेमात हे दोन्ही मार्ग आता एकत्र आले आहेत. सॅम मेंडिसच्या ‘1917’मध्ये (2019) छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने खंदकांतल्या लांब शॉट्ससाठी अ‍ॅरीचं ट्रिनिटी वापरलं. त्यात जाकीट, स्प्रिंगचा हात आणि दांडा ब्राउनच्या वंशातला, आणि कॅमेऱ्याखालचं डोकं मोटारींचं. काही ठिकाणी कॅमेरा तारेवरून सरकत येतो, माणसं तो सोडवून घेतात आणि हातात धरून तसेच पुढे चालू लागतात.