नारू, मरळ आणि पाण्याची साक्ष

मराठवाड्यात साठी ओलांडलेल्या माणसाला 'नारू' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पायाच्या फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर येई. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. अरबी वैद्यकात याला 'इर्के मदनी', म्हणजे मदिनेची शीर, म्हणत. इब्न सीनाने अकराव्या शतकात 'अल-कानून'मध्ये त्याचे वर्णन केले. 1758 साली लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा 'मेदिनेन्सिस' हा शब्द त्यात तसाच राहिला.

हा जंत शरीरात शिरतो कसा, हे मात्र कळायला 1870 साल उजाडावे लागले. रशियन अभ्यासक फेडचेन्को यांनी तुर्कस्तानात दाखवून दिले की, नारूची पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या टीचभरही नसलेल्या, ठिपक्याएवढ्या जीवात वाढतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातात. फोड आलेला पाय बारवेच्या पाण्यात बुडवायचा आणि त्याच बारवेचे पाणी प्यायचे, असे ते चक्र होते. भारत सरकारने 1983च्या सुमारास नारू निर्मूलनाची मोहीम सुरू केली. औषध नव्हते, लस नव्हती. पाणी फडक्याने गाळा, पायऱ्यांची विहीर सोडा, हातपंप वापरा, यावर भर होता. 1996 साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

सायक्लॉप्सची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. त्याच्याच जातकुळीतले जीव माशांच्या पोटातील पट्टकृमींची पिल्लेही वाहून नेतात. या पट्टकृमींचा मोठा अभ्यास आपल्याच मराठवाड्यात झाला. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. तिथले प्राणिशास्त्रज्ञ जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांचे विद्यार्थी गोदावरीतली वाम, तळ्यातली मरळ आणि चिखलातला मागूर उघडून आतले कृमी तपासत राहिले. त्यांनी नव्या म्हणून जाहीर केलेल्या जातींची नावे वाचली तर जिल्ह्याचा नकाशा वाचल्यासारखे वाटते : सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा गोदावरी, सेंगा पैठणेन्सिस, लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस. उर्दूत पट्टकृमीला 'कद्दूदाना' म्हणतात, कारण त्याचे सुटे खंड भोपळ्याच्या बियांसारखे दिसतात. हकिमांच्या या साध्या शब्दामागे किती वेगवेगळे कृमी दडले आहेत, ते या मंडळींनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

पुढे त्या यादीला कात्री लागली. 2011 साली काही युरोपीय आणि भारतीय अभ्यासकांनी मागूर माशातील एका गटाच्या कृमींची फेरतपासणी केली. नोंदवलेल्या 59 जातींपैकी फक्त 8 त्यांनी ग्राह्य धरल्या. याने जुनी मेहनत वाया गेली असे मी मानत नाही. कोणत्या गावच्या पाण्यात, कोणत्या माशात कृमी सापडला, ही नोंद नाव बदलले तरी कामाचीच राहते. खरी उणीव दुसरीकडे आहे. जातीचे वर्णन करणाऱ्या लेखात मासा, गाव आणि कृमीचे चित्र असते. त्या दिवशी पाण्यात काय मिसळले होते, हा त्या लेखाचा विषय नसतो.

आणि पाण्यावरच सगळे अवलंबून आहे. सांडपाणी वाढले की तळाच्या गाळात नळीसारखे बारीक किडे माजतात. मागूरमधील लायटोसेस्टसच्या गटाचे कृमी अशाच किड्यांतून माशात जातात. म्हणजे घाण वाढली तर त्यांना रान मोकळे. प्राणवायू कमी पडून मासा अशक्त झाला की कल्ल्यांवर आणि अंगावर चिकटणारे परजीवीही वाढतात. उलट, पाण्यात कीटकनाशक किंवा जड धातू उतरले तर सायक्लॉप्स आणि गोगलगायी आधी मरतात, आणि त्यांच्यावर विसंबणारे कृमीही नाहीसे होतात. म्हणून पोट साफ निघालेला मासा स्वच्छ पाण्यातला असेलच असे नाही. कधी कधी कृमी नसणे हीच वाईट बातमी असते.

काही कृमी तर विष स्वतःत साठवतात. जर्मनीतील रूर नदीच्या माशांवरचा 1994चा अभ्यास प्रसिद्ध आहे. माशाच्या आतड्यातल्या काटेरी डोक्याच्या कृमीत शिसे होते, तेही माशाच्या मांसातल्या शिशाच्या 2,700 पट. पाण्यात जे मोजणे अवघड जाते, ते कृमी गोळा करून ठेवतो.

आपल्या फुकहांनी पाण्याची पाकी ठरवताना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : रंग, चव आणि वास. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, ही ताकीद हदीसमध्ये आहे. त्या काळी माणसाच्या हाती जी साधने होती, त्यांचा हा चोख वापर होता. पण शिसे या तिन्हींपैकी काहीच न बदलता पाण्यात राहू शकते. वजूला पाणी पाक आहे का, हा एक प्रश्न. ते पिण्याजोगे आहे का, त्यातला मासा खाण्याजोगा आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही. मरळीच्या पोटातले हे पट्टकृमी पाहून घाबरण्याचे कारण नाही. ते माशांचे आहेत, माणसात रुजत नाहीत, आणि नीट शिजवल्यावर जिवंतही राहत नाहीत. शिसे मात्र कितीही शिजवले तरी जात नाही.

उदगीरच्या आसपासचे पाणी तिरू, लेंडी, मांजरा असे वाहत शेवटी गोदावरीला मिळते. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पाणी किती आहे हे सगळ्यांनी मोजले. ते कसे आहे, हेही तितक्याच आस्थेने मोजायला हवे. आपल्याकडे विज्ञानाची महाविद्यालये आहेत, मासे ओळखणारे भोई आहेत. एका तलावातले मासे दर ऋतूत तपासायचे, कृमींसोबत पाण्याचीही नोंद ठेवायची आणि ती मराठीत, उर्दूत गावासमोर मांडायची, हे आवाक्याबाहेरचे काम नाही. फडक्याने पाणी गाळून नारू घालवणाऱ्या मुलखाला तर ते नक्कीच जमेल.