देवभात म्हणजे काय? रानटी भात आणि शेतातला भात यांचं नातं

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून काही घरांत न नांगरता आपोआप उगवलेला देवभात शिजवतात. हा रानटी भात. तो तळ्यांच्या काठी, डबक्यांत, पाणथळ जागी वाढतो. संस्कृतात रानटी भाताला 'नीवार' म्हणतात. त्यावरूनच एका जातीचं शास्त्रीय नाव 'ओरायझा निवारा' पडलं.

दोघांत फरक काय?

देवभाताला लांब कुसळं असतात आणि दाणा पिकला की गळून पडतो. शेतातला दाणा लोंबीतच राहतो, म्हणून कापणी करता येते. हा बदल घडवण्यात 'एसएच४' या जनुकाचा मोठा वाटा आहे. गुणसूत्रं मात्र दोघांतही २४ असतात आणि त्यांचा संकर होऊ शकतो.

विविधता कुठे राहिली?

हजारो वर्षांपूर्वी माणसाने सोयीची मोजकी रोपं निवडली. त्यामुळे रानटी भातातली बरीच जनुकीय विविधता शेतात आलीच नाही. एकसारख्या पिकावर नवा रोग आला, की सगळं शिवार एकदमच आजारी पडू शकतं.

रानटी भाताचा उपयोग काय?

१९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या 'ग्रासी स्टंट' विषाणूने आशियातला भात खुरटला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून आणलेल्या ओरायझा निवारात. तिच्यापासून १९७६ मध्ये 'आयआर ३६' हे वाण आलं.

रायगडशी संबंध काय?

१९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर वांझ परागकणांचं एक रानटी भाताचं रोप सापडलं. त्या गुणामुळे संकरित बियाणं करणं शक्य झालं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या 'सह्याद्री' या संकरित वाणातही तोच वारसा आहे.

धोका कशाचा?

तळी बुजली, पाणथळी भरावाखाली गेल्या, की देवभात संपतो. शेजारच्या शेतातले परागकण मिसळूनही त्याचं वेगळेपण कमी होतं. महाड-पोलादपूरच्या तळीयेसारख्या डोंगराळ गावांत भातशेती पावसावरच चालते. उद्याचा रोग किंवा दुष्काळ सोसणारं जनुक कदाचित एखाद्या दुर्लक्षित डबक्यातच असेल. म्हणून बियाणं बँकेत ठेवणं जितकं गरजेचं, तितकंच ते डबकं राखणंही.