लंडनचा स्वस्त कपडेबाजार

लंडनच्या जुन्या तटाबाहेर, ऑल्डगेट आणि बिशप्सगेट या दोन वेशींच्या मधल्या पट्ट्यात, गेली तीनशेहून अधिक वर्षे स्वस्त कपड्यांची खरेदी-विक्री चालत आली आहे. त्यातली सर्वांत नावाजलेली गल्ली म्हणजे पेटिकोट लेन. १८३० च्या सुमारास या रस्त्याचे अधिकृत नाव ‘मिडलसेक्स स्ट्रीट’ झाले. पाटी बदलली, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. गल्लीच्या एका टोकाला अंगावरचा पेटिकोट चोरीला जातो आणि दुसऱ्या टोकाला तोच विकत मिळतो, असा विनोद लंडनकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

बाजार याच ठिकाणी वाढण्याला कारणे होती. तटाच्या आत किरकोळ धंदा करायचा तर नगराचा सदस्य असावे लागे. परदेशातून आलेल्यांना हे सदस्यत्व सहसा मिळत नसे आणि ज्यूंना तर ते १८३० पर्यंत बंदच होते. तटाबाहेर हा जाच कमी होता. जागेचे भाडेही कमी होते आणि थेम्स नदीवरचे धक्के जवळ होते. जहाजातून उतरलेला माणूस पहिली खोली याच भागात शोधी, पहिले काम इथेच मिळवी आणि थंडीसाठी पहिला कोटही इथेच घेई. तो विकणारा बहुधा त्याच्याआधी काही वर्षे आलेला दुसरा परका असे.

सतराव्या-अठराव्या शतकांत कपडा ही महाग चीज होती. सूत कातणे, विणणे, शिवणे हे सारे हाताने होई. त्यामुळे एक कोट चार-पाच मालकांच्या अंगावरून फिरे. श्रीमंत घरांत धनी-धनिणीचे उतरलेले कपडे नोकरांना मिळत आणि नोकर ते विकून पैसे करत. शिवाय गहाण पडून न सुटलेले, मृतांच्या घरून आलेले आणि चोरीचे कपडे होतेच. हा सारा माल टॉवर ऑफ लंडनजवळच्या रोझमेरी लेनमध्ये येई. तिथल्या बाजाराला ‘रॅग फेअर’, म्हणजे चिंध्यांची जत्रा म्हणत. खेड्यातून नोकरीच्या शोधात आलेला मुलगा किंवा मोलकरीण शहरात शोभेल असा पोशाख तिथे घेई. अशा कपड्यांबद्दल धास्तीही होती. १६६५ च्या प्लेगमध्ये लागण झालेल्या घरांतले कपडे आणि अंथरुणे विकण्यावर बंदी घालण्यात आली होती.

अठराव्या शतकात जर्मनी, हॉलंड आणि पोलंडमधून गरीब ज्यू लंडनला येऊ लागले. कारागिरांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता आणि गाठीला भांडवलही नव्हते. जुने कपडे गोळा करण्याच्या धंद्याला पाठीवरची पिशवी आणि खणखणीत आवाज एवढे पुरे. ‘ओल्ड क्लो’ अशी आरोळी देत, विकत घेतलेल्या टोप्या एकीवर एक डोक्यावर चढवून हे फेरीवाले सकाळी गल्लोगल्ली फिरत. काही जण रोख पैशांऐवजी चिनी मातीची आणि काचेची भांडी देत. महाराष्ट्रात बोहारीण दारात बसून जुन्या लुगड्यांवर पातेले देते, तोच हा व्यवहार. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितही या धंद्यात उतरले.

हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५० च्या आसपास लंडनच्या कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे धंदे बारकाईने नोंदवले. त्या नोंदींतून या बाजाराचा आतला कारभार कळतो. हाउंड्सडिचजवळ १८४० च्या दशकात ‘ओल्ड क्लोद्स एक्स्चेंज’ नावाचा बंदिस्त बाजार उभा राहिला होता. फेरीवाले दुपारनंतर पिशव्या घेऊन तिथे येत आणि माल घाऊक व्यापाऱ्यांच्या हाती जाई. चांगला माल लंडनच्या दुकानांत जाई. बराचसा आयर्लंड आणि हॉलंडला रवाना होई.

विकत घेतलेला कोट लगेच दुकानात टांगला जात नसे. विरलेल्या बाह्या आणि उसवलेल्या शिवणी दुरुस्त करणारा एक कारागीर असे, तर हिराकस घातलेल्या रंगाचा हात फिरवून काळ्या कापडाचा गेलेला तजेला आणणारा दुसरा. काही कोट पूर्ण उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवत. कोट त्याही पलीकडे गेला असेल, तर त्याच्या शाबूत राहिलेल्या भागातून टोप्या बेतत. उरलेल्या लोकरी चिंध्या यॉर्कशरला जात. तिथल्या बॅटली गावात १८१३ मध्ये बेंजामिन लॉ याने चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याची युक्ती रूढ केली होती. या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. हरियाणातल्या पानिपतला आजही हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो. सूत काढण्याच्याही लायकीच्या नसलेल्या चिंध्या केंटमधल्या शेतांत खत म्हणून पडत.

या बाजाराच्या आसपास वावरणाऱ्या परक्यांत हिंदी खलाशीही होते. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. डेकवरच्या कामाला कोकणातली माणसे पुष्कळ असत, तर मुदपाकखान्यात आणि प्रवाशांच्या सेवेत गोव्याची. लंडनला जहाज रिकामे झाले की परतीचे जहाज मिळेपर्यंत त्यांना आठवडे किंवा महिने थांबावे लागे, आणि हिवाळ्यात अंगावरचे सुती कपडे पुरत नसत. थंडीने आणि आजाराने त्यांतले अनेक जण दगावले. या दुर्दशेचा बोभाटा झाल्यावर १८५७ मध्ये लाइमहाउस भागात आशियाई खलाशांसाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ नावाचे वसतिगृह उघडले.

दरम्यान नव्या तयार कपड्यांचा धंदा वाढत होता. ऑल्डगेटला ई. मोझेस अँड सन या ज्यू पेढीचे भव्य दुकान होते. कपड्यांवर ठरलेली किंमत आणि यमक जुळवलेल्या जाहिराती ही त्याची खासियत. ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींकडे निघालेल्यांना लागणारे सगळे कपडे तिथे एकगठ्ठा मिळत. घासाघीस न जमणाऱ्याला ठरलेली किंमत सोयीची होती. पण ती खाली ठेवण्यासाठी शिलाईची मजुरी खाली दाबली जाई. घरी बसून सदरे शिवणाऱ्या बायकांना पोटापुरतेही सुटत नसे. टॉमस हूडची ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही कविता १८४३ च्या डिसेंबरात ‘पंच’ साप्ताहिकात आली आणि शिलाईकामाच्या मजुरीवर गावभर चर्चा सुरू झाली.

१८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाला. त्यानंतर ज्यूंवर हल्ले सुरू झाले, आणि ते व दारिद्र्य या दोन्हींमुळे पूर्व युरोपातून हजारो ज्यू कुटुंबे लंडनच्या याच पूर्व भागात, म्हणजे ईस्ट एंडमध्ये, आली. शिवणयंत्र तोवर सगळीकडे पोचले होते. माडीवरच्या एका खोलीत कारखाना निघे. कोटाचे काम वाटलेले असे: एकाने बेतायचे, दुसऱ्याने कच्चे टाके घालायचे, तिसऱ्याने मशीन चालवायचे, चौथ्याने जड इस्त्री फिरवायची. काजे आणि अस्तर बायकांकडे. नुकत्याच आलेल्या माणसाला ‘ग्रीनर’ म्हणत. त्याला इंग्रजी येत नसे, दुसरे काम माहीत नसे, त्यामुळे मिळेल त्या मजुरीवर तो दिवसाचे चौदा-पंधरा तास राबे. आठवडाभर स्वस्त कोट शिवणारा हा कामगार रविवारी पेटिकोट लेनमध्ये स्वस्त कोट शोधत फिरे.

या पिळवणुकीविरुद्ध १८८९ मध्ये ईस्ट एंडच्या शिंप्यांनी संप केला. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने याच सुमारास अशा पिळवणुकीच्या कारखान्यांची चौकशी केली आणि १९०९ च्या कायद्याने तयार कपड्यांच्या शिलाईला किमान मजुरीचे दर ठरवण्याची सोय झाली.

ज्यू शनिवारी काम करत नसल्याने पेटिकोट लेनचा मुख्य बाजार रविवारी सकाळी भरे. ख्रिस्ती दुकाने त्या दिवशी बंद असत आणि कामगारांच्या हाती आठवड्याचा पगार असे. दुकानदाराची माणसे रस्त्यात उभी राहून गिऱ्हाइकाची बाही धरून आत ओढत. यिडिश ही ज्यूंची भाषा बोलणाऱ्याला इंग्रजीवाचून अडत नसे. पहिला भाव निम्म्यावर आणणे हा रिवाज होता. सौदा सोडून निघून जाण्याचे सोंग केले की भाव आणखी उतरे. रोख नसेल तर दारावर येऊन आठवड्याला हप्ता घेणारा उधारीवाला होता, पण त्याचा कपडा शेवटी महाग पडे. रविवारचा सूट सोमवारी गहाण टाकायचा आणि शनिवारी सोडवायचा, ही अनेक घरांची रीत होती.

शहराच्या पश्चिम भागात चित्र वेगळे होते. मोहनदास गांधी १८८८ मध्ये कायदा शिकायला लंडनला आले, तेव्हा मुंबईत शिवलेले कपडे इथे शोभणार नाहीत असे वाटून त्यांनी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले. १९ शिलिंगांची उंच हॅट घेतली आणि बॉन्ड स्ट्रीटवर संध्याकाळच्या पोशाखावर १० पौंड खर्च केले, असे त्यांनीच आत्मकथेत नोंदवले आहे. काटकसर त्यांनी पुढे शिकून घेतली.

पहिल्या महायुद्धानंतर सूट खऱ्या अर्थाने सर्वांच्या आवाक्यात आला. १९०० मध्ये लिथुएनियातून आलेल्या माँटेग्यू बर्टन या ज्यू तरुणाने एका लहान दुकानापासून सुरुवात करून शेकडो दुकानांची साखळी उभारली. दुकानात फक्त माप घ्यायचे आणि बेतणे-शिवणे लीड्सच्या प्रचंड कारखान्यात, अशी त्याची पद्धत होती. ‘फिफ्टी शिलिंग टेलर्स’ या दुसऱ्या साखळीच्या नावातच सुटाची किंमत होती. पन्नास शिलिंग म्हणजे अडीच पौंड. पेटिकोट लेनचा बाजार मात्र मोडला नाही. पोलिसांनी आणि नगरपालिकेने तो हटवण्याचे प्रयत्न अनेकदा करून पाहिले होते. १९३६ मध्ये संसदेच्या कायद्याने रविवारच्या बाजाराला संरक्षण मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली आणि पुरुषाच्या तीन तुकड्यांच्या सुटाला २६ लागत. जुन्या कपड्यांना कूपन लागत नसे, त्यामुळे त्यांचा भाव वधारला. हे रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चालले. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून टिलबरीला उतरलेले कॅरिबियन प्रवासी अशा कूपनांच्या देशात आले होते. त्यांच्या बेटांवरच्या हवेला साजणारे कपडे इंग्लंडच्या हिवाळ्यात अपुरे पडत.

याच काळात जुन्या कपड्यांच्या विक्रीला नवे रूप आले. १९४२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालेल्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेने दशकाच्या अखेरीस तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर देणगीत आलेल्या वस्तूंचे दुकान काढले. पुढे अनेक संस्थांनी हा मार्ग धरला आणि ‘चॅरिटी शॉप’ ब्रिटनच्या प्रत्येक बाजारपेठेत दिसू लागले. माल फुकट येतो, बरेच काम स्वयंसेवक करतात आणि स्थानिक करात मोठी सूट असते, म्हणून भाव कमी ठेवता येतो. श्रीमंत वस्तीतल्या अशा दुकानात चांगल्या प्रतीचा कोट मिळण्याची शक्यता जास्त.

१९५० नंतर ईस्ट एंडमधले ज्यू उत्तरेकडच्या उपनगरांत गेले आणि त्यांच्या जागी सिल्हेटहून आलेले बंगाली आले. ब्रिक लेनवरची एक इमारत या ये-जा करणाऱ्या पिढ्यांची साक्ष देते. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगनो रेशीमविणकरांनी ती १७४३ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये सिनेगॉग झाली आणि १९७६ मध्ये मशीद. नवे रहिवासी जुन्याच कारखान्यांत शिलाईला आणि चामडी जाकिटांच्या कामाला लागले. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या कपडे कामगाराची कामावरून परतताना वर्णद्वेषातून हत्या झाली. त्यानंतर हजारो बंगाल्यांनी शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत मोर्चा नेला. व्हाइटचॅपलमधल्या एका उद्यानाला आज त्याचे नाव आहे.

गेल्या चार दशकांत आयात माल स्वस्त झाला आणि ईस्ट एंडचे शिलाई कारखाने एकामागून एक बंद पडले. पेटिकोट लेनला लागून असलेल्या वेंटवर्थ स्ट्रीटवर पश्चिम आफ्रिकी छापील कापडाची दुकाने आली. साड्या आणि सलवार-कमीज घेणारे साउथॉल, वेम्बली किंवा ग्रीन स्ट्रीट गाठू लागले. रोजच्या कपड्यांचे गिऱ्हाईक मोठ्या स्वस्त साखळ्यांनी ओढून घेतले. १९६९ मध्ये डब्लिनला निघालेल्या प्रायमार्कने २००७ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मोठे दुकान उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी दाराशी रेटारेटी झाली. लंडनला नव्याने आलेला विद्यार्थी आता पहिले मोजे आणि स्वेटर बहुधा अशाच ठिकाणी घेतो.

शिलाई बंद पडली नाही, तिने गाव बदलले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. ब्रिटनमधल्या दुकानांचे कपडे शिवणारा कारखानाही त्या इमारतीत होता. लंडनचा नवा कपडा जेव्हा जेव्हा स्वस्त झाला, तेव्हा किमतीचा मोठा हिस्सा शिवणाऱ्याच्या मजुरीतून कापला गेला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो शिवणारा गिऱ्हाइकाच्याच गल्लीत राहत असे, म्हणून त्याच्या संपाची दखल घ्यावी लागली आणि किमान मजुरीचा कायदा झाला. आता तो दुसऱ्या देशात आहे आणि लंडनचा कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही.