चिझिकच्या बागेतील हस्ताक्षरे

शोभेच्या बागकामाचे शिक्षण म्हणजे वाफे करणे, कलमे बांधणे व वेळच्या वेळी छाटणी करणे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या दप्तरात असलेले एक जुने पुस्तक पाहिले म्हणजे ही समजूत अपुरी आहे असे वाटू लागते. १८०४ साली स्थापन झालेल्या या सोसायटीने पुढे चिझिक येथे डेव्हनशायरच्या ड्यूककडून ३३ एकर जमीन खंडाने घेतली व तेथे आपली बाग उभी केली. या बागेत कामास लागणाऱ्या तरुणाने एका पुस्तकात स्वतःच्या हाताने आपली हकीगत लिहावयाची असे. जन्म कोठे व केव्हा झाला, बाप काय करतो, आजवर कोणकोणत्या बागांत व कोणाच्या हाताखाली काम केले, एवढाच मजकूर. १८२२ ते १८२९ या काळातील अशा १०५ जणांच्या नोंदी उपलब्ध आहेत. पुस्तकाचे नावही मोठे बोलके आहे : ‘हाताखालच्या माळ्यांची व मजुरांची हस्ताक्षरे’.

ज्याला दिवसभर खुरपे चालवावयाचे त्याच्या अक्षराशी सोसायटीला काय कर्तव्य होते ? याचे उत्तर त्या बागेच्या स्वरूपात आहे. चीनपासून अमेरिकेपर्यंतच्या देशांतून तेथे सतत नवीन झाडे येत. कोणते झाड कोठून आले, केव्हा लावले, त्याचे नाव काय, हे लिहून ठेवले नाही तर झाड जगूनही हरवल्यासारखेच होई. आणि नाव म्हणजे लिनियसने १७५३ साली रूढ केलेल्या पद्धतीचे लॅटिन जोडनाव. बागेच्या कारभारात प्रमुख असलेले जॉन लिंडली हे स्वतः रोपवाटिका चालविणाऱ्याचे पुत्र. त्यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते. तरीही १८२९ साली लंडनच्या नव्या विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ‘आल्बा’ म्हणजे पांढरे, ‘रेप्टन्स’ म्हणजे सरपटणारे, ‘सेम्परव्हिरेन्स’ म्हणजे सदा हिरवे, एवढी शे-दोनशे विशेषणे ज्याच्या जिभेवर बसली, त्याला पाटी वाचताच झाडाचा अर्धा स्वभाव कळे.

नामविशेषणांची अशी जोडणी आपल्या माळ्यालाही अपरिचित नाही. सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, खुरचाफा ही नावे त्याच घाटाची आहेत. फरक एवढाच, की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे चारही चाफे चार निरनिराळ्या कुळांतले ठरतात, आणि खुरचाफा तर मूळचा अमेरिकेतला. माळ्याने त्यांना एका नावाखाली आणले ते फुलाच्या व सुगंधाच्या ओळखीने. ही वर्गवारी खोटी नव्हे ; तिचा हेतू वेगळा आहे, इतकेच.

चिझिकच्या पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध अक्षर जोसेफ पॅक्स्टन याचे. बेडफर्डशायरमधील एका शेतकऱ्याचा हा सातवा मुलगा १८२३ साली कामास लागला. त्याचा जन्म १८०३ चा. पुस्तकात मात्र त्याने १८०१ असे लिहिले आहे. दोन वर्षे वाढविण्यात त्याचा हेतू कोणताही असो, आपण होऊन लिहिलेल्या चरित्रात माणूस किती चटकन स्वतःला घडवू लागतो याचा हा नमुना आहे. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, ड्यूकने त्याला चॅट्सवर्थ येथे मुख्य माळी नेमले, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी स्फटिकप्रासादाची रचना त्यानेच केली.

पण पॅक्स्टन एकच. बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाने पुसून टाकली होती. फिओना डेव्हिसन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती पुन्हा उजेडात आणली. शिकलेल्या माळ्याची खरी व्यथा जॉन क्लॉडियस लाउडन याने १८२६ मध्ये सुरू केलेल्या आपल्या मासिकात मांडली आहे. भूमिती, मोजणी व वनस्पतिशास्त्र शिकून रात्री जागून वाचणाऱ्या माळ्याला, अक्षरशत्रू गवंड्याला मिळते त्याच्या निम्मीही मजुरी मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती. तरीही शिक्षणावरचा त्याचा विश्वास ढळला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १८४५ साली निघालेले तरुण माळ्यांसाठीचे स्वयंशिक्षणाचे पुस्तक अंकगणित, जमाखर्च व रेखाटन यांनी भरलेले आहे.

पुढचा क्रम थोडक्यात सांगता येईल. १८३६ पासून सोसायटीने आपल्या बागेतील कामगारांची परीक्षा घेण्यास आरंभ केला. क्यू येथील बागेचा अभ्यासक्रम १८५९ पासून मोजला जातो. १८९६ साली क्यू येथे स्त्रियांना प्रथमच माळीकामावर घेतले, तेही पुरुष माळ्यांसारखाच पोशाख करण्याच्या अटीवर.

क्यूची ही परंपरा पुण्यासही पोहोचली. १८७३ साली स्थापन झालेल्या गणेशखिंडीच्या वनस्पति-उद्यानाची व्यवस्था जॉर्ज मार्शल वुड्रो या क्यूमध्ये तयार झालेल्या गृहस्थांनी पाहिली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात ते वनस्पतिशास्त्रही शिकवीत, आणि तेथे १८७९ मध्ये शेतकीचे वर्ग निघाले. वुड्रो यांचा हिंदुस्थानातील बागकामावरील ग्रंथ इंग्रजीत आहे, व वर्गांची भाषाही इंग्रजीच होती. चिझिकच्या मजुराला लॅटिन नावे शिकावी लागली, पण ती त्याच्या मायबोलीतून. पुण्याच्या माळ्यापुढे मात्र लॅटिनच्या आधी इंग्रजीची भिंत उभी राहिली. परिणामी देखरेख करणारा एक व झाड वाढविणारा दुसरा, ही विभागणी येथे अधिक पक्की झाली असे माझे मत आहे.

‘माळी’ हा शब्द माळ गुंफणाऱ्याचा, म्हणजे मुळातच शोभेच्या फुलांशी जोडलेला. आपल्याकडे तो धंद्याबरोबर जातीचाही वाचक झाला, आणि विद्या घरातच हातोहात उतरत राहिली. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्यावरून ते फुले झाले. १८२७ साली, म्हणजे चिझिकच्या नोंदी चालू असतानाच, जन्मलेल्या या मुलालाही शाळा सुटून काही काळ मळ्यात राबावे लागले. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी वडिलांचे मन वळविले नसते तर ते अक्षर तेथेच थांबले असते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांसाठी जे विषय सुचविले, त्यांत मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब आणि शेतकीची मूलतत्त्वे ही एकाच यादीत आहेत.