स्वायत्तता-पाठबळाचे मापन
वरिष्ठ आपले म्हणणे ऐकून घेतो, कामात निवडीला वाव देतो आणि निर्णयामागचे कारण सांगतो, असे कर्मचाऱ्यांना कितपत वाटते, हे प्रश्नावलीद्वारे मोजण्याची पद्धत. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा स्वयंनिर्धारण सिद्धांत हा तिचा पाया होय. स्वायत्तता, सक्षमता व आपुलकीचे नाते या माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा आहेत, असे हा सिद्धांत मानतो.

साधन : ‘वर्क क्लायमेट क्वेश्चनेअर’ ही परिचित प्रश्नावली १५ विधानांची असून तिची संक्षिप्त आवृत्ती ६ विधानांची आहे. प्रत्येक विधानाला १ (पूर्ण असहमत) ते ७ (पूर्ण सहमत) गुण देतात. मोठ्या आवृत्तीतील एका नकारार्थी विधानाचे गुण ८ मधून वजा करतात आणि मग सर्वांची सरासरी काढतात. पॉल बार्ड, डेसी व रायन यांनी २००४ मध्ये अमेरिकी बँक कर्मचाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाठबळाच्या जाणिवेचा संबंध गरजपूर्तीशी, आणि गरजपूर्तीचा कामगिरी व मानसिक स्वास्थ्याशी आढळला.

मर्यादा व दक्षता : येथे मोजली जाते ती जाणीव; वरिष्ठाचे प्रत्यक्ष वर्तन नव्हे. रांजणगाव (ता. शिरूर) व कुरकुंभ (ता. दौंड) यांसारख्या औद्योगिक वसाहतींत मापन करताना कंत्राटी कामगारांचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो. त्यांना ठेकेदाराचा मुकादम आणि कंपनीचा सुपरवायझर असे दोन वरिष्ठ असू शकतात. म्हणून विधाने नेमकी कोणाविषयी आहेत, हे आधी स्पष्ट करावे. प्रश्न सोप्या मराठीत असावेत आणि उत्तरे निनावी ठेवावीत. नोकरीची धास्ती असेल, तर मिळणारे गुण विश्वासार्ह राहत नाहीत.