बळ मान्य, बुद्धी अमान्य : बाळू पालवणकर आणि पुण्यातील क्रिकेट (१८९२–१९२३)

प्रस्तावना

काही समूहांना जन्मतः बुद्धी लाभते व काहींना केवळ शारीरिक बळ, ही धारणा एकोणिसाव्या शतकातील वंशवादी विचाराने दृढ केली. अमेरिकन फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगाची प्रशंसा झाली. परंतु डाव आखणाऱ्या 'क्वार्टरबॅक'च्या जागी त्यांना दीर्घकाळ डावलले गेले. भारतात हेच कार्य जातीने केले. प्रस्तुत लेखात पुण्यातील एका उदाहरणाच्या आधारे या धारणेचा विचार केला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

ब्रिटिश लष्कराने 'लढाऊ वंशां'चा सिद्धांत स्वीकारल्यावर १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबली. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील त्यांचा पराक्रम त्या वेळी विसरला गेला. एका अस्पृश्य जातीचे बळ असे कागदोपत्री नाकारले जात असतानाच, चांभार कुटुंबातील बाळू पालवणकर हा सुमारे सतरा वर्षांचा मुलगा पुण्यातील युरोपीयांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर काम करू लागला.

मैदानावरील श्रमविभागणी

खेळपट्टीची निगा राखणे, जाळी उभारणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे ही बाळूंची कामे होती. जे. जी. ग्रेग यांच्यासारखा नामवंत फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करीत असे. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना तेथे मिळाली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम आणि फलंदाजी ही प्रतिष्ठितांची कला, असा संकेत त्यामागे होता. वस्तुतः चेंडूची उंची व वेग बदलणे आणि फलंदाजाचा हेतू ओळखणे हे बुद्धीचेच काम होय.

पुढे पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले; तथापि चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्या संघाचे कर्णधारपद पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग यांच्याकडे होते.

नेतृत्वाचा प्रश्न

हिंदू संघाचा आधारस्तंभ असूनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. १९२० मध्ये पालवणकरांना पुन्हा डावलले गेल्यावर त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. नंतर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्या क्षमतेविषयी शंका घेतली जात होती, तिचा अभाव कधीच नव्हता; अभाव संधीचा होता.

निष्कर्ष

लष्कराने एका जातीचे बळ नाकारले आणि मैदानाने दुसऱ्या जातीचे बळ वापरून तिचे नेतृत्व नाकारले. निकष सोयीनुसार बदलला. वगळणे तेवढे कायम राहिले. म्हणून अशा धारणा निरीक्षणातून नव्हे, तर अधिकाराच्या वाटपातून निर्माण होतात, असे म्हणता येते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. भोर तालुक्यातील सारोळ्यासारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला 'तू मैदानावर चांगला' असे सांगताना, त्याच्यासाठी ग्रंथालयाची वाट आपण नकळत बंद करीत नाही ना, हे प्रत्येक अध्यापकाने तपासले पाहिजे. कौतुकसुद्धा माणसाची मर्यादा आखू शकते, हे बाळूंच्या चरित्रावरून स्पष्ट होते.